पाठलाग कोठवर ?

चोर पळू लागला म्हणजे त्याच्या मागे धावावे, हे शिपायास कोणी शिकवावे लागत नाही. ते त्याच्या नोकरीचे पहिले कलम होय; किंबहुना तो मनुष्यस्वभावच होय. जोपर्यंत चोर पायी पळत होता व शिपाईही पायी धावत होता, तोपर्यंत या धावपळीत फार झाले तर दोघांपैकी एकाचा गुडघा फुटे, एखाद्या भाजीवालीची पाटी उलथे आणि प्रकरण तेवढ्यावर मिटे. परंतु चोराच्या हाती मोटार आली, शिपायाच्याही हाती मोटार आली, आणि या जुन्या कर्तव्याचे स्वरूप पार पालटून गेले. आता पळणारा आणि धरणारा असे दोघेच या प्रसंगात उरलेले नाहीत. ज्या रस्त्यावरून ही शर्यत धावते, त्या रस्त्यावरील प्रत्येक पादचारी, सायकलीवरून घरी निघालेला प्रत्येक मुलगा, मोटारीतून परतणारे प्रत्येक कुटुंब तीत न विचारता ओढले जाते.

पळत्या मोटारीचा पाठलाग पोलिसांनी केव्हा करावा, कोठवर करावा आणि केव्हा सोडून द्यावा, या प्रश्नाचा अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतील पोलीस अधिकारी, न्यायाधीश आणि संशोधक यांनी गेल्या काही दशकांत पुष्कळ ऊहापोह केला आहे. प्रश्न वरकरणी पोलीस खात्याच्या कारभाराचा दिसतो. पण त्याच्या मुळाशी एक फार जुना पेच आहे. अपराध्यास शासन व्हावे म्हणून निरपराध्याचा जीव किती धोक्यात घालावा ? आपल्या भाषेने या पेचाच्या दोन्ही बाजू दोन म्हणींत सांगून ठेवल्या आहेत. एक म्हणते, चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नये. दुसरी म्हणते, म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. दोन्ही खऱ्या आहेत, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

पंचाहत्तर सेकंदांची हकीकत

कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो परगण्यात २२ मे १९९० रोजी रात्री साडेआठच्या सुमारास, एका मारामारीची वर्दी मिळाल्यावरून गेलेले दोन पोलीस अंमलदार तेथील काम आटोपून निघण्याच्या बेतात होते. इतक्यात एक मोटारसायकल भरधाव येताना त्यांस दिसली. चालविणारा अठरा वर्षांचा, मागे बसलेला सोळा वर्षांचा. त्या मारामारीशी दोघांचा काडीचाही संबंध नव्हता. अंमलदारांनी दिवे लावून थांबण्याचा इशारा केला. मुले दोन पोलीस गाड्यांमधील फटीतून निसटली, आणि त्यांपैकी एक गाडी त्यांच्या मागे लागली. वस्तीतील रस्त्यांवरून ही शर्यत अवघी ७५ सेकंद चालली. तेवढ्यात सुमारे दोन किलोमीटर अंतर कापले गेले आणि वेग ताशी १०० मैलांपर्यंत चढला. वाटेत दोन मोटारी व एक सायकलस्वार यांना जीव वाचविण्यासाठी रस्ता सोडावा लागला. अखेर एका वळणावर मोटारसायकल आडवी झाली. मागच्या गाडीच्या चालकाने करकचून ब्रेक दाबला. तरी गाडी ताशी ४० मैलांच्या वेगाने मागे बसलेल्या मुलावर आदळली. तो जागीच मरण पावला.

येथे थोडे गणित करून पाहणे उपयोगाचे होईल. ताशी १०० मैल म्हणजे दर सेकंदास सुमारे १४७ फूट. डोळ्यांनी धोका पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत निष्णात चालकासही एखादा सेकंद लागतोच. शिवाय वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट न होता चौपट होते. त्या रात्री पोलीस गाडी मोटारसायकलच्या मागे काही वेळा अवघ्या १०० फुटांवर होती. आणि ताशी १०० मैलांच्या वेगात ती थांबविण्यास ६५० फूट लागले असते, असे न्यायालयाच्या निकालपत्रात नमूद आहे. म्हणजे पुढची गाडी पडली तर मागची तिच्यावर जाणार, हे पाठलागाच्या भरात नव्हे, तर पाठलाग सुरू होताना त्या अंतरानेच ठरवून टाकले होते.

मुलाच्या आईवडिलांनी दावा लावला आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९८ साली न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी निकालपत्र लिहिले. क्षणार्धात निर्णय घ्यावा लागणाऱ्या पाठलागात, इजा करण्याचाच हेतू होता असे दिसल्याखेरीज अंमलदाराने राज्यघटनेचा भंग केला असे म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने हे मत समजण्यासारखे आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की अंमलदाराच्या पायाखालील वेगाला लगाम घालण्याचे काम राज्यघटनेने आपल्याकडे घेतले नाही. ते राज्यांच्या कायद्यांवर आणि मुख्यतः पोलीस खात्याच्या स्वतःच्या नियमांवर येऊन पडले.

एकच चित्रपट, दोन मते

दुसरा प्रसंग जॉर्जिया राज्यातील. मार्च २००१ मध्ये, ताशी ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावरून एक मोटार ताशी ७३ मैलांनी चालली होती. पोलिसांनी दिवे लावले. एकोणीस वर्षांच्या चालकाने थांबण्याऐवजी वेग वाढविला. सुमारे सहा मिनिटे व दहा मैलांच्या पाठलागानंतर एका अंमलदाराने वरिष्ठांची परवानगी घेऊन आपली गाडी पुढच्या मोटारीच्या मागील भागावर आदळविली. मोटार रस्ता सोडून उतारावरून खाली गेली, उलटली, आणि त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

पोलीस गाडीवरील कॅमेऱ्याने हा सर्व प्रसंग टिपला होता. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी अंमलदाराच्या बाजूने निकाल दिला आणि ते चित्रण सर्वांस पाहता यावे म्हणून आपल्या संकेतस्थळावर ठेवले. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचा युक्तिवाद असा : धोका या तरुणाने स्वतः निर्माण केला, रस्त्यावरील इतर लोक निर्दोष होते, तेव्हा दोहोंपैकी एकास इजा होणारच असेल तर ती धोका निर्माण करणाऱ्यास व्हावी. पोलिसांनी पाठलाग सोडावयास हवा होता, हे म्हणणे त्यांनी मान्य केले नाही. कारण मग प्रत्येक पळपुट्यास, पुरेशी बेफाम गाडी हाकली की आपण सुटतो, असा धडा मिळेल. हीच ती काळ सोकावण्याची भीती.

एकट्याने विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स हे त्या वेळी सत्त्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. पोलिसांपाशी मोटारीचा क्रमांक होता. त्या तरुणास नंतर घरी जाऊन पकडता आले नसते काय? ज्याचा मूळ अपराध वेगमर्यादा ओलांडणे एवढाच, त्याच्यासाठी हा मार्ग खुला नव्हता काय ?

चित्रण डोळ्यांनी पाहिल्यावर मतभेदास जागा उरणार नाही, असा बहुसंख्य न्यायाधीशांचा ग्रह होता. पुढे डॅन कहान, डेव्हिड हॉफमन व डोनाल्ड ब्रॅमन या तीन कायदेपंडितांनी तेच चित्रण निरनिराळ्या थरांतील १,३५० अमेरिकन नागरिकांस दाखविले आणि आपला निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध केला. बहुतेकांचे मत न्यायालयासारखेच पडले. पण सर्वांचे नव्हे. कोणास काय दिसले, हे पुष्कळ अंशी त्याच्या सामाजिक स्थितीवर व समाजविषयक धारणांवर अवलंबून होते. एकच रस्ता, एकच मोटार. तरीही कोणास पळणारा नराधम दिसला, कोणास भेदरलेले पोर. धावत्या गाडीत बसलेल्या अंमलदाराची दृष्टी या नियमास अपवाद असेल, असे मानण्यास काही आधार नाही.

आकडे काय सांगतात

अमेरिकेच्या न्याय खात्यातील सांख्यिकी विभागाच्या अंदाजाप्रमाणे २०१२ या एका वर्षात तेथील पोलिसांनी सुमारे ६८,००० मोटारींचा पाठलाग केला. १९९६ ते २०१५ या वीस वर्षांत पाठलागातील अपघातांनी दर वर्षी सरासरी ३५५ माणसे दगावली. म्हणजे रोज जवळजवळ एक. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश पळणाऱ्या गाडीतील होते. त्यांतही सर्वच अपराधी नव्हेत. सॅक्रामेंटोच्या मुलाप्रमाणे नुसते बरोबर बसलेलेही त्यांत आले. आणि सुमारे एकतृतीयांश लोक असे, की ज्यांचा या प्रकरणाशी काहीएक संबंध नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. कित्येकदा तर चोरही सुटत नाही. दोघेही सुळी जातात.

मग हे अटळच आहे काय ? तसे मानण्याचे कारण नाही. साउथ कॅरोलायना विद्यापीठातील जेफ्री आल्पर्ट हे या विषयाचे अनेक वर्षांचे अभ्यासक. त्यांच्या १९९७ सालच्या अहवालात दोन ठिकाणचे अनुभव शेजारी शेजारी मांडलेले आहेत. फ्लोरिडातील मायामी शहर ज्या परगण्यात मोडते, तेथील पोलिसांनी १९९२ साली असा नियम केला की केवळ हिंसक व गंभीर गुन्ह्यासाठीच पाठलाग करावा. पुढील वर्षी पाठलागांची संख्या २७९ वरून ५१ वर आली. नेब्रास्कातील ओमाहा शहराने १९९३ साली नेमके उलट केले. पूर्वी मनाई असलेल्या अपराधांसाठी पाठलागाची मुभा दिली. तेथील संख्या १७ वरून १२२ वर गेली. एका वर्षात त्या दोन ठिकाणच्या चोरांचा स्वभाव पालटला असेल, हे संभवत नाही. पालटला तो एक कागद. पाठलाग हे निसर्गाने कोसळविलेले संकट नसून पुष्कळ अंशी माणसाच्या लेखी नियमाचे फळ आहे, हे यावरून ध्यानात येईल.

काळ सोकावतो, त्याचे काय ?

येथे दुसऱ्या म्हणीचा विचार न करता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पोलीस पाठीवर येत नाहीत असे एकदा कळले म्हणजे पळणाऱ्यांची संख्या वाढेल, ही भीती पोकळ नाही. न्यूझीलंडने डिसेंबर २०२० मध्ये पाठलागावर कडक बंधने घातली. त्यानंतर इशाऱ्यास न जुमानता पळणाऱ्या चालकांचे प्रसंग वाढले, लोकांत असंतोष माजला, आणि मे २०२३ मध्ये ती बंधने सैल करावी लागली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०२१ साली कायदा करून पोलिसांचे हात आखडले. २०२३ साली तो काहीसा सैल केला, आणि २०२४ साली तेथील विधिमंडळाने नागरिकांनी मांडलेला प्रस्ताव स्वीकारून ही बंधने बव्हंशी काढून टाकली. नुसता 'धावू नका' एवढाच नियम करून प्रश्न सुटत नाही, हे या दोन्ही अनुभवांनी सिद्ध केले आहे.

परंतु दुसरीकडचा पुरावाही वाचकांनी पाहावा. आल्पर्ट यांच्या त्याच अभ्यासात पाठलागानंतर तुरुंगात गेलेल्या १४६ इसमांच्या मुलाखती घेण्यात आल्या. पोलिसांनी पाठलाग थांबविला असता, किंवा थोडे मागे राहिले असते, तरी आपण वेग कमी केला असता, असे त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितले. तुरुंगातील माणसाच्या बोलण्यावर किती विसंबावे, हे ज्याने त्याने ठरवावे. पण मागचा भोंगा हाच पुढच्या वेगाचा एक मोठा चालक आहे, ही गोष्ट अनुभवास धरून आहे.

तेव्हा सोडून देणे आणि मोकळे सोडणे यांत भेद केला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने हा भेद कायद्यात उतरविला. तेथे २०११ च्या डिसेंबरापासून किरकोळ अपराधासाठी पाठलाग करणे बंद झाले. पण त्याबरोबरच इशारा मिळूनही न थांबणे हा स्वतंत्र व गंभीर गुन्हा राहिला, आणि त्या वेळी गाडी कोण चालवीत होते हे सांगण्याची जबाबदारी गाडीच्या मालकावर पडली. शिपाई आज धावत नाही. उद्या क्रमांक घेऊन दारात उभा राहतो. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २००९ च्या अखेरच्या दिवशी, पोलीस पाठीवर असलेल्या एका मोटारीने दुसऱ्या मोटारीस धडक दिली आणि तीतील एकोणीस महिन्यांची बालिका मरण पावली. पुढच्याच वर्षी तेथे कायदा झाला, की पोलिसांपासून बेफाम गाडी हाकीत पळणे हाच मुळी तुरुंगवासास पात्र अपराध होय. पळण्याची किंमत त्या रस्त्यावरच वसूल करण्याचे कारण नाही. ती न्यायालयातही वसूल करता येते. चोरलेल्या गाडीच्या बाबतीत क्रमांकाचा उपयोग थोडा, हे खरे. तेथे विमानातून नजर ठेवणे, रस्त्यावर काट्यांची पट्टी टाकून चाकांतील हवा हळूहळू सोडणे, पळत्या गाडीवर ठावठिकाणा कळविणारे यंत्र चिकटविणे, असे उपाय निघाले आहेत.

निर्णय कोणी घ्यावा ?

या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न, निर्णय कोणी घ्यावा, हा होय. ज्याच्या हाती चक्र आहे, त्यानेच थांबण्याचा निर्णय घ्यावा ही अपेक्षा फार मोठी आहे. पाठलागात छाती धडधडू लागते, दृष्टी पुढच्या दोन लाल दिव्यांवर खिळते, आणि बाजूच्या गल्लीतून काय येत आहे ते दिसेनासे होते. कांचनमृगाच्या मागे गेलेल्या रामचंद्रासही आपण आश्रमापासून किती दूर आलो, हे मारीचाची हाक ऐकल्यावरच उमगले; मग सामान्य शिपायाची कथा काय ? आणि हा आवेश गाडी थांबल्यावर थांबतो असेही नाही. लॉस एंजेलिसमध्ये ३ मार्च १९९१ रोजी रॉडनी किंग यास पोलिसांनी जी अमानुष मारहाण केली, ती अशाच एका पाठलागाच्या शेवटी. त्या अंमलदारांना १९९२ साली दोषमुक्त केल्यावर शहरात जो दंगा उसळला, त्यात पन्नासांहून अधिक माणसे मेली.

म्हणून इंग्लंडातील पद्धती विचार करण्याजोगी वाटते. तेथे पाठलागाचे दोन टप्पे मानले आहेत : प्रारंभीचा आणि डावपेचांचा. गाडीतील अंमलदार काय दिसते ते सतत नियंत्रण कक्षास सांगत राहतो : गुन्हा कोणता, वेग किती, रस्ता कसा, हवा कशी, गर्दी किती, पळणारा ओळखीचा आहे काय. पाठलाग चालू ठेवावा की नाही, हे मात्र त्या कक्षातील अधिकारी ठरवितो. पाठलाग करण्याचे खास शिक्षण ज्याने घेतलेले नाही, त्याला दुसऱ्या टप्प्यात भाग घेता येत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना यातील शहाणपण समजावून सांगण्याची गरज नाही. दोन भाऊ हातघाईवर आले म्हणजे निवाडा त्या दोघांपैकी कोणी करावयाचा नसतो. ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाने करावयाचा असतो. त्याचे प्रेम कमी असते म्हणून नव्हे, तर त्याचे रक्त तापलेले नसते म्हणून.

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील पोलीस अधिकाऱ्यांच्या 'पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम' या संस्थेने आपल्या अहवालात दोन कसोट्या सुचविल्या : घडलेला गुन्हा हिंसक असला पाहिजे, आणि पळणारा मोकळा राहिल्यास आणखी हिंसा होण्याचा धोका निकटचा असला पाहिजे. दोन्ही असतील तर धावा. नसतील तर थांबा. खुनी मनुष्य मुलाला पळवून नेत असेल, तर पोलिसांनी धावलेच पाहिजे आणि त्याचा धोका समाजाने सोसलाच पाहिजे. पण बिघडलेला दिवा, ओलांडलेली वेगमर्यादा किंवा नसलेला परवाना यांसाठी तो सोसण्यास रस्त्यावरील माणसास कोणी विचारले होते ?

उंबरठ्याच्या आतले

सॅक्रामेंटोच्या मुलांची वये अठरा व सोळा होती. जॉर्जियाच्या तरुणाचे एकोणीस. हा योगायोग नव्हे. या वयात भीती आणि धिटाई यांची गल्लत फार लवकर होते. घरी कळेल, गाडी जाईल, बाबा काय म्हणतील, एवढ्या विचाराने पाय ब्रेकवरून वेगावर जातो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून अपराध केल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी शिक्षा ठेवली आहे. कायद्याचा धाक आहेच. परंतु पोलिसाने हात केला की थांबावयाचे, चूक झाली असेल तर घरी येऊन सांगावयाचे, आणि सांगितल्यावर घर पाठीशी उभे राहील, हा विश्वास मुलाला घरातच मिळावा लागतो. ज्यांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेत आहेत, त्यांनीही एवढे अवश्य सांगून ठेवावे, की मागे पोलिसांचे दिवे लागले तर शांतपणे उजव्या कडेस गाडी थांबवावी, हात चक्रावर ठेवावे आणि सांगितल्याशिवाय उतरू नये.

पोलीस खात्याची अडचण अशी, की सोडून दिलेल्या पाठलागाचे श्रेय कोणाच्याच पदरी पडत नाही. चोर धरून आणणाऱ्या शिपायाचे नाव वर्तमानपत्रात येते, त्यास बक्षीस मिळते. ज्याने शाळेजवळचा रस्ता पाहून भोंगा बंद केला आणि गाडी कडेस घेतली, त्याला ठाण्यावर परत गेल्यावर सोबत्यांची थट्टाच ऐकावी लागते. त्याने वाचविलेले पोर त्या वेळी दप्तर घेऊन रस्ता ओलांडीत असते. आपण वाचलो हे त्याला कधीच कळत नाही, आणि त्याच्या आईलाही नाही. असा निर्णय घेणाऱ्याच्या पाठीवर खात्याने थाप मारावी, एवढी व्यवस्था जरी झाली, तरी नियम कागदावरून रस्त्यावर येण्यास फार वेळ लागणार नाही.